शंका-समाधान : जाके द ला गेर वाजवताना

या वेळी फ्रेंच बरोक (साधारण १६०० ते १७५० या काळातल्या) संगीतावरचे, त्यातही एलिझाबेथ जाके द ला गेर (१६६५–१७२९) या पॅरिसच्या रचनाकार बाईंवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बाईंची ओळख दुसऱ्या उत्तरात येईल. पहिला मान छापील कागदाला, कारण पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांची गाडी तिथेच अडली आहे.

व्हायोलिन पाश्चात्त्य पद्धतीने शिकतो. त्या काळच्या फ्रेंच छापील प्रतींची छायाचित्रे इंटरनेटवरून उतरवून घेतली. पण वाजवायला बसलो की कीबोर्डशी काही केल्या जुळत नाही. शार्प-फ्लॅटही भलत्याच ठिकाणी छापलेत. प्रत सदोष आहे का? — पुणे

प्रत बहुधा ठीक आहे. आधी क्लेफ, म्हणजे कुठली रेघ कुठला स्वर हे सांगणारे ओळीच्या सुरुवातीचे चिन्ह, कुठल्या रेघेवर बसवला आहे ते बघा. आपण शिकतो तो जी-क्लेफ खालून दुसऱ्या रेघेवर असतो. फ्रेंच लोक व्हायोलिन आणि बासरीसाठी तो सर्रास सर्वांत खालच्या रेघेवर मांडत. म्हणजे खालची रेघ ई नाही, जी. नेहमीच्या सवयीने वाचलेत तर प्रत्येक स्वर दोन पायऱ्या खाली वाजतो. कीबोर्डवाला बिचारा बरोबरच वाजवत असणार.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. बास क्लेफ वाचता येत असेल तर स्वरांची नावे बास क्लेफप्रमाणे वाचा आणि दोन सप्तके वर वाजवा, नावे तंतोतंत तीच येतात. बास क्लेफ येत नसेल तर बोटांवरून चला. खालची रेघ म्हणजे डी तारेवरचे तिसरे बोट, मधली रेघ म्हणजे ए तारेवरचे तिसरे बोट, सर्वांत वरची म्हणजे ई तारेवरचे तिसरे बोट. तिन्ही ठिकाणी तिसरेच बोट, लक्षात ठेवायला याहून सोपे काय हवे? आठवडाभर रोज दहा मिनिटे एवढेच वाचा, वेगाने वाजवू नका. हार्पसिकॉर्डच्या (पियानोआधीचे, तार छेडून वाजणारे कीबोर्ड-वाद्य) उजव्या हाताला मात्र अनेकदा सी-क्लेफ असतो, त्यात खालची रेघ सी. दोन्ही ओळी एकाच नजरेने वाचायला गेलात तर पुन्हा घोटाळा.

आता शार्प-फ्लॅट, म्हणजे स्वर अर्धी पायरी चढवणारी आणि उतरवणारी चिन्हे. चार गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या चारही एकदम अंगावर येतात म्हणून छपाई चुकल्यासारखी वाटते. डी मायनरला सुरुवातीला एकही फ्लॅट नसतो आणि जी मायनरला एकच असतो. उरलेला फ्लॅट लागेल तिथे त्या त्या स्वरापुढे लिहितात. सुरुवातीची चिन्हे कधीकधी एकाच स्वरासाठी दोनदा दिसतात, खालच्या सप्तकातल्या एफला एक आणि वरच्याला एक. याचा अर्थ दोन शार्पचा सूर असा नव्हे. तिसरे म्हणजे नॅचरलचे चिन्ह फारसे वापरतच नाहीत. फ्लॅट रद्द करायचा तर शार्प लिहितात, शार्प रद्द करायचा तर फ्लॅट. बीपुढे शार्प दिसला तर बहुतेक वेळा तो साधा बी असतो.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त फसवते. आपल्या सवयीप्रमाणे बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) एकदा आलेला शार्प त्या बारच्या शेवटपर्यंत टिकतो. इथे तो फक्त त्याच स्वरापुरता, फार तर लगेच पुन्हा आलेल्या त्याच स्वरापुरता. डी मायनरमध्ये एकाच बारमध्ये वर जाताना सी-शार्प येतो आणि उतरताना साधा सी. छापणाऱ्याने दुसऱ्या सीवर काहीही लिहिलेले नसते, कारण त्याच्या लेखी शार्प केव्हाच संपलेला असतो. तुम्ही मात्र तो पुढे ओढत नेता आणि बासशी, म्हणजे साथीच्या खालच्या ओळीशी, खटका उडतो. एक झेरॉक्स काढून घ्या, पेन्सिलीने बारामागून बार आजची चिन्हे भरा आणि दोन्ही ओळी भरून झाल्यावरच वाद्य हातात घ्या. आजची संपादित प्रत शेजारी असेल तर उत्तमच. फक्त संपादकाने स्वराच्या वर छोट्या अक्षरात घातलेली चिन्हे हे त्याचे मत असते, बाईंचे नव्हे.

त्यांचा उल्लेख सगळीकडे 'राजदरबारातल्या संगीतकार' असा येतो. नेमके पद कोणते होते? — डोंबिवली

पद नव्हतेच. आपल्याकडच्या संस्थानांच्या भाषेत सांगायचे तर दरबार गवई वेगळा आणि महाराजांनी मर्जीने बोलावून ऐकलेला, बिदागी दिलेला कलावंत वेगळा. बाई दुसऱ्या प्रकारातल्या.

वडील क्लोद जाके पॅरिसच्या सेन नदीतल्या इल सँ-लुई बेटावरच्या चर्चचे ऑर्गनवादक. मुलगी पाचेक वर्षांची असताना चौदाव्या लुईपुढे गायली-वाजवली. राजाची मर्जी बसली आणि राजाची प्रेयसी मादाम द माँतेस्पाँनी तिला तीन-चार वर्षे स्वतःजवळ ठेवून घेतले. १६७० च्या दशकातच 'मर्क्यूर गालाँ' या नियतकालिकाने तिला आपल्या शतकाचे आश्चर्य म्हटले. १६८४ मध्ये ऑर्गनवादक मारँ द ला गेर यांच्याशी लग्न झाले आणि बाई दरबारातून पॅरिस शहरात आल्या. पुढचे सगळे आयुष्य शहरातले: शिकवण्या, घरच्या मैफली, आणि राजाला अर्पण करून छापलेली पुस्तके. राजाचे नाव पहिल्या पानावर असणे ही मोठीच राजमुद्रा होती, पण दर महिन्याची तनखा नव्हे.

पुस्तकांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १६८७ मध्ये हार्पसिकॉर्डच्या रचनांचे पहिले पुस्तक, त्यात चार सुइट (नाचाच्या अंगाच्या रचनांच्या मालिका). १६९४ मध्ये पॅरिसच्या ऑपेऱ्यात 'सेफाल ए प्रोक्री', फ्रान्समध्ये बाईने लिहून त्या रंगमंचावर आलेला पहिला ऑपेरा. तो काही प्रयोगांतच उतरला आणि बाईंनी पुन्हा ऑपेरा लिहिला नाही. १६९५च्या सुमाराच्या ट्रायो सोनाटा छापल्या गेल्या नाहीत. सेबास्तियाँ द ब्रोसार या संगीतकार पाद्र्याने त्या उतरवून घेतल्या म्हणून आज हाती आहेत. १७०४ मध्ये नवरा गेला. एकुलता मुलगाही लहानपणीच दगावला होता. आणि १७०७ मध्ये एकदम दोन गोष्टी छापून आल्या: व्हायोलिनवरही वाजवता येतील अशा हार्पसिकॉर्डच्या रचना, आणि व्हायोलिन व हार्पसिकॉर्डसाठी सहा सोनाटा. त्या सोनाटा राजाच्या जेवणाच्या वेळी वाजवल्या गेल्या. जेवण आटोपल्यावर राजाने त्यांची तारीफ केली आणि या दुसऱ्या कशासारख्याच नाहीत असे म्हणाला. १७०८ आणि १७११ मध्ये बायबलमधल्या कथांवरचे कँटाटा (वाद्यांच्या साथीने गायच्या रचना), १७१५ मध्ये पुराणकथांवरचे.

पाच वर्षांची अद्भुत मुलगी ही गोष्ट लोकांना सांगायला फार आवडते आणि कार्यक्रमपत्रिकेत तीच छापतात. आमच्या मते तिने बाईंचे नुकसानच झाले आहे. ऐकायचे ते बेचाळिसाव्या वर्षी लिहिलेले.

पद मिळवणारी बाई हवी असेल तर हार्पसिकॉर्डवादक आणि रचनाकार फ्रांस्वा कुपरँ यांची कन्या मार्गरित-अँत्वानेत. १७३० मध्ये तिच्याकडे राजाच्या खासगी दालनातल्या हार्पसिकॉर्डवादकाचे काम आले. त्या जागी बसणारी ती पहिली बाई, पंधराव्या लुईच्या मुलींची शिक्षिकाही. तिने स्वतः रचलेले मात्र काही उरलेले नाही. याउलट व्हेनिसहून नवऱ्याला सोडून पॅरिसला आलेल्या आंतोनिया बेंबो या गायिकेला राजाने निवृत्तिवेतन दिले, राहायला धर्मसंस्थेत जागा मिळाली, आणि तिने सहा हस्तलिखित खंड मागे ठेवले. हयातीत एकही ओळ छापली गेली नाही. तिच्या 'प्रोदुत्सिओनी आर्मोनिके' या संग्रहात ४१ रचना आहेत. गाणाऱ्यांनी तिकडे जरूर वळावे.

आमच्याकडे हार्पसिकॉर्ड मिळणे अशक्य. हार्मोनियमवर साथ केली तर? सूर कुठला धरायचा? काही ध्वनिमुद्रणे चक्क दोन स्वर खाली आहेत. — मिरज

हातपेटी नको. एक हात भात्यावर गेला की उरलेल्या एकाच हाताने बास आणि वरचे स्वर दोन्ही काढता येत नाहीत. पायपेटी, म्हणजे संगीत नाटकांच्या साथीतली ऑर्गन, घरात असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात, पण अडचण दुसरी येते. हार्पसिकॉर्डची तार छेडली की नाद लगेच विरायला लागतो. त्यामुळे प्रत्येक सुरावळ (एकदम दाबलेले स्वर) ही थोडीशी ठेक्यासारखी ऐकू येते आणि लय तिच्यातून कळते. पायपेटीचा सूर दाबून ठेवाल तितका वेळ तसाच भरलेला राहतो आणि व्हायोलिन त्यात बुडते. तरीही करायचेच असेल तर डाव्या हाताचा बास पूर्ण धरा, उजव्या हाताचे स्वर तीनाऐवजी दोनच घ्या आणि निम्म्या लांबीला उचला.

त्यापेक्षा हार्पसिकॉर्डचा आवाज असलेला साधा डिजिटल कीबोर्ड बरा. त्यावर तीन गोष्टी करा. टच बंद करा, म्हणजे जोरात दाबले काय आणि हळू दाबले काय, आवाज एकच. हार्पसिकॉर्डचा स्वभाव तसाच आहे. पायातले पेडल काढून बाजूला ठेवा. आणि आवाज व्हायोलिनच्या खाली राहील इतकाच ठेवा, कारण स्पीकरमधून येणारा हार्पसिकॉर्ड खऱ्यापेक्षा फार कर्कश लागतो.

सुराचे म्हणाल तर त्या काळी सगळीकडे एक सूर नव्हताच. पॅरिसच्या ऑपेऱ्याचा सूर बराच खाली, आजच्या हिशेबाने ए साधारण ३९२ हर्ट्झ. आजचे बरोक वादक सोयीसाठी ४१५ किंवा ३९२ धरतात. ४४० वरून ४१५ म्हणजे बरोबर एक पट्टी खाली, ३९२ म्हणजे दोन पट्ट्या. कीबोर्डच्या ट्रान्स्पोजमध्ये उणे १ किंवा उणे २ केले की काम झाले. व्हायोलिनचे तसे नाही. आजच्या स्टीलच्या तारा दोन पट्ट्या उतरवल्या की सैल पडतात, गज टेकवला की सूर हलतो आणि खुंट्या रोज सरकतात. आतड्याच्या तारा नसतील तर निमूटपणे ४४० वर वाजवा, कोणी रागावणार नाही. गज मात्र मुठीपासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा. टोक हलके होते, आणि प्रत्येक स्वर सुरू होऊन थोडा विरू देण्याची फ्रेंच सवय आपोआप हाताला लागते.

मिरजेच्या वाचकाला एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तानपुरा चांगला लागला की त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोच गांधार त्या काळच्या हार्पसिकॉर्डवर लावायचा प्रयत्न असे. षड्जापासून ३८६ सेंट (सेंट म्हणजे आजच्या एका पट्टीच्या अंतराचा शंभरावा भाग). आजच्या कीबोर्डवर तो ४०० आहे, म्हणजे चौदा सेंट चढा. कीबोर्डच्या मेन्यूत मीनटोन नावाची जुळणी असेल तर ती निवडा. पंचम किंचित उतरतील, ७०२ ऐवजी ६९७ च्या आसपास, पण गांधार शांत होतील आणि सी, जी, डी मेजर, डी मायनर, ए मायनर हे सूर कानाला एकदम गोड लागतील.

याची किंमत अशी की जी-शार्प आणि ए-फ्लॅट ही एकच पट्टी राहत नाही, दोघांत सुमारे ४१ सेंटचा फरक पडतो. जुळणीत पट्टी जी-शार्पला लावलेली असते. बाईंची सी मायनरमधली ट्रायो सोनाटा घेतलीत तर तिथे ए-फ्लॅट लागतो, आणि पट्टी दाबली की लांडगा ओरडल्यासारखा आवाज येतो. (जुन्या जुळणीदारांनी या बेसूर जागेला खरोखरच लांडगा म्हटले आहे.) अशा वेळी तेवढी एक पट्टी त्या रचनेपुरती ४१ सेंट वर चढवा. कीबोर्डवर एकेक पट्टी हलवता येत नसेल तर साधी जुळणी ठेवा आणि पुढे चला.

कागदावर सारख्या लांबीचे आठ स्वर आहेत, ध्वनिमुद्रणात मात्र ते लंगडत चालल्यासारखे ऐकू येतात. वादकाची लकब की नियम? — नाशिक

नियम. फ्रेंच लोक लिहितात एक आणि वाजवतात दुसरे, अशी कबुली खुद्द कुपरँ यांनी १७१६च्या आपल्या हार्पसिकॉर्ड-शिक्षणाच्या पुस्तकात दिली आहे. भातखंडे लिपीत लिहिलेली बंदिश जो गाणे न ऐकता केवळ मात्रा मोजून गाईल, त्याचे जे होईल तेच इथे सारखे स्वर सारखे वाजवणाऱ्याचे होते.

लागोपाठच्या पायऱ्यांनी चालणाऱ्या छोट्या स्वरांच्या जोड्या करा आणि जोडीतला पहिला लांबवा, दुसरा आखडा. किती? दोनास एक हे प्रमाण बरेचदा जास्त होते आणि मग सगळे झुलायला लागते. तिनास दोनपासून सुरू करा. मोजायला अवघड वाटेल, म्हणून 'दा-न, दा-न' असे तोंडाने म्हणून बघा आणि मग वाजवा. बोटांनी मोजून असमान केलेले स्वर उचकीसारखे लागतात.

कुठल्या लांबीचे स्वर असमान करायचे हे तालचिन्हावर ठरते. २ आणि ३ या चिन्हांत आठांश स्वर, म्हणजे एका काट्याचे. संथ चार ठोक्यांच्या सी चिन्हात आठांश सारखे आणि सोळांश, दोन काट्यांचे, असमान. ३/२ मध्ये चतुर्थांश. ३/८ आणि ६/८ मध्ये सोळांश. स्वर उड्या मारत असतील, एकच स्वर पुन्हापुन्हा येत असेल, स्वरांवर टिंबे किंवा उभ्या रेघा असतील, किंवा समान वाजवा अशी सूचना लिहिलेली असेल तर सगळे सारखे.

आणि मोठा अपवाद इटालियन ढंगाचा. बाईंच्या १७०७च्या सोनाटांत खरी गंमत इथे आहे, कारण त्यांत दोन्ही देश एकत्र नांदतात. प्रेस्तो असे लिहिलेल्या आणि धावत्या सोळांशांच्या भागांत कोरेल्ली या इटालियन रचनाकाराचा वारा आहे, तिथे समान वाजवा. 'आरिआ' अशा शीर्षकाच्या, नाचाच्या अंगाने जाणाऱ्या भागांत हलके असमान. शंका आली तर बासकडे बघा. बास शांतपणे ठोका देत असेल आणि वरची ओळ पायऱ्यांनी चालत असेल तर फ्रेंच. बासही वरच्या ओळीची नक्कल करत धावत असेल तर इटालियन. हा आमचा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे, पण क्वचितच चुकतो.

स्वरांवर अधिक-चिन्ह छापले आहे. शिक्षक म्हणाले ट्रिल कर. केली, पण कानाला बेचव लागते. — न्यू जर्सी

ट्रिल, म्हणजे स्वर आणि त्याच्या वरचा स्वर यांची जलद आलटापालट, वरच्या स्वरापासून सुरू करा, बहुधा तेवढ्यानेच निम्मे काम होईल. डी मायनरचा शेवट घ्या. बासमध्ये ए, मग डी. व्हायोलिनला ई, त्यावर अधिक-चिन्ह, आणि शेवटी डी. ई सरळ हलवायला सुरुवात करू नका. ठोक्यावर एफ घ्या. तो साधा एफ, एफ-शार्प नव्हे. घाईत इथे बोट हमखास घसरते. या एफवर टेका, ईला मिळालेल्या वेळाच्या साधारण निम्म्यापर्यंत. मग एफ-ई, एफ-ई अशी कंपने, आधी सावकाश आणि मग जवळजवळ. मग ईवर क्षणभर थांबा. मग छोटा डी, आणि मग खरा डी.

कुपरँ यांनी या तीन टप्प्यांना वेगवेगळी नावेच दिली आहेत: टेकणे, हलवणे आणि थांबणे. नवशिक्या मधला टप्पा करतो आणि अलीकडचा-पलीकडचा खाऊन टाकतो, म्हणून बेचव.

साथीदारालाही यात काम आहे. बासच्या एवर ४ आणि मग शार्प असे लिहिलेले असेल तर त्याने आधी डी, मग सी-शार्प घ्यायचा. तुमचा एफ ईवर उतरतो त्याच क्षणी त्याचा डी सी-शार्पवर उतरला पाहिजे. दोघे मिळून एकदाच श्वास सोडल्यासारखे. आधी तुम्ही दोघेच, कंपने न करता, फक्त एफ-ई आणि डी-सी-शार्प असे दहा वेळा वाजवा, आणि मगच त्यात ट्रिल भरा.

बारीक आकाराचा स्वर खालून येत असेल तर तो ठोक्यावर घ्यायचा, कणस्वरासारखा आधी चाटून जायचा नाही. आपल्याकडच्या गळ्याला आणि हाताला ही सवय मोडणे सर्वांत जड जाते.

किती माणसे लागतात? आमच्याकडे चेलो आहे, व्हिओला द गाम्बा नाही. आणि बासखालचे आकडे कोणासाठी? — ठाणे

१७०७च्या सोनाटांना तिघे पुरतात: व्हायोलिन, हार्पसिकॉर्ड, आणि बास वाजवणारा एक. ट्रायो सोनाटांना नाव ट्रायो असले तरी माणसे चार: दोन व्हायोलिन, गाम्बा (पायांत धरून गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य), हार्पसिकॉर्ड. चेलो चालेल. मात्र गाम्बाची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आधी वाचून काढा, कारण या बाई तिला नुसते बासच्या मागे चालू देत नाहीत. मध्येच ती सुटते, वर चढते आणि व्हायोलिनशी बोलायला लागते. गाम्बाचा आवाज पातळ असतो म्हणून तिथे गर्दी होत नाही. चेलोवाल्याने अशा जागी गज हलका करायचा, नाहीतर हार्पसिकॉर्डच्या मधल्या सप्तकाचा चिखल होतो. डबल बास आणू नका.

आकडे हार्पसिकॉर्डवाल्यासाठी. डाव्या हाताने छापलेला बास, उजव्याने आकड्यांवरून स्वर भरायचे. काहीच लिहिले नसेल तर बासपासून तिसरा आणि पाचवा. ६ म्हणजे तिसरा आणि सहावा. ७ म्हणजे तिसरा, पाचवा, सातवा. नुसता शार्प म्हणजे तिसरा स्वर चढा, नुसता फ्लॅट म्हणजे उतरा. काप दिलेला ५ म्हणजे पाचवा स्वर अर्ध्या पायरीने कमी पडणारा, आणि त्याच्यासोबत सहसा सहावाही घेतात.

जी मायनरमधले उदाहरण बघा. बासमध्ये एफ-शार्प, त्यावर काप दिलेला ५. उजव्या हातात ए, सी, डी. पुढचा बास जी. उजव्या हातात बी-फ्लॅट, डी, जी किंवा त्यातले दोन. यातला सी बी-फ्लॅटवर उतरलाच पाहिजे. तो वर गेला किंवा हवेत राहिला की साथ कच्ची वाटते, आणि ऐकणाऱ्याला कारण मात्र सांगता येत नाही. एफ-शार्प बासमध्ये आधीच आहे, तो उजव्या हातात पुन्हा घेऊ नका.

उजवा हात मधल्या सीच्या वरच्या सप्तकातल्या ई-एफच्या पलीकडे न्यायचा नाही, आणि व्हायोलिनची चाल वर वाजवायची नाही. पियानो शिकून आलेल्या मुलांची चूक हीच असते: त्यांना चाल ऐकू येते, हात आपोआप तिकडे जातो. साथ पातळ ठेवा. दोन ठोक्यांत एकदा वाजवलेले पुरते.

१६८७च्या पुस्तकातल्या प्रिल्यूडला बारच्या रेघाच नाहीत. — कोल्हापूर

नसतातच, मुद्दाम. बाई तयारीशिवाय सलग अर्धा तास वाजवत बसत, असे त्या काळचे लेखक तितों द्यु तिये यांनी लिहून ठेवले आहे. ही पाने त्या सवयीची जवळची खूण आहेत. (या पुस्तकाची प्रत फार उशिरा, व्हेनिसमध्ये, हाती लागली.) स्वरांचे आकार मिश्र आहेत. पोकळ गोल म्हणजे मोकळा, लांबी तुम्ही ठरवायची. काळे, काटा असलेले म्हणजे ओघाने पुढच्या स्वराकडे जाणारे. लांबलचक वक्र रेघा लयीच्या नाहीत. रेघ जिथून सुटते तो स्वर, रेघ संपेपर्यंत, बोट न उचलता दाबून धरायचा.

आधी सगळे बासचे स्वर तेवढे वाजवा, एकेक, सावकाश. मग त्यांवरचे धरून ठेवायचे स्वर गोळा करा आणि एकत्र दाबा. आठ-दहा सुरावळींचा साधा सांगाडा हाताला लागेल. तो पाठ झाल्यावरच वरचे काळे स्वर घाला. उलट क्रमाने गेलात तर पहिल्या ओळीतच आलाप सुटा सुटा होतो. आपल्या आलापाची उपमा इथे मोहात पाडते, पण इथे प्रत्येक वाक्य बासच्या पुढच्या पायरीकडे ओढले जाते, एका षड्जाभोवती फिरत नाही.

शास्त्रीय पाश्चात्त्य गायन करते. कँटाटा बसवायचा आहे. कुठला घेऊ? फ्रेंच उच्चारांचे कसे? — मडगाव

१७१५च्या पुस्तकातला 'ल सोमेय द्युलिस', म्हणजे युलिसिसची झोप. एक आवाज आणि थोडी वाद्ये. त्यात वादळ आहे आणि झोपेचे गाणेही, त्यामुळे आवाजाला दोन टोके मिळतात. आधीच्या दोन पुस्तकांत एस्तेर, ज्यूदित, योना, तांबडा समुद्र ओलांडणे अशा बायबलमधल्या कथा आहेत, शब्द उदार द ला मोत यांचे; चर्चशी परिचय असलेल्या श्रोत्यांसमोर त्या लगेच पोचतात. हे संगीत चर्चसाठी नाही, दिवाणखान्यासाठी आहे, हे मात्र विसरू नका.

उच्चारांत एक लाभ तुमच्याकडे आधीच आहे. मराठी बोलणारा 'अं' म्हणताना शेवटी ओठ किंवा जीभ मिटतो आणि न् किंवा म् ऐकू येतो. फ्रेंच नाकातला स्वर मिटत नाही, उघडाच राहतो. कोंकणीत 'हांव' म्हणताना जे होते ते तसेच्या तसे वापरा. पुण्या-मुंबईच्या गायिकेला हे शिकायला महिना लागतो.

शब्दाच्या शेवटचा मुका ई बोलताना गळतो, पण गाताना त्याला स्वतःचा स्वर दिलेला असतो. तो 'अ'च्या जवळ, फिका म्हणायचा, जोर द्यायचा नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर मात्र तो गिळायचा. र जिभेच्या टोकाने, आपल्या मराठीसारखाच. आजच्या पॅरिसचा घशातला र इथे नको. जुन्या उच्चाराने गायचे ठरवलेत तर राजा या अर्थाचा आजचा 'र्वा' (roi) हा 'र्वे' होतो. पण मग तो सगळीकडे करा. अर्धे जुने, अर्धे नवे फार वाईट लागते.

संवादासारखे भाग आहेत तिथे तालचिन्ह दर बारला बदलते: ३, मग २, मग सी. प्रत्येक ठिकाणी नवा ठेका धरू नका. ते शब्दांच्या लांबीप्रमाणे बदलले आहे. शब्द मोठ्याने वाचा, पंधरा-वीस वेळा, बासच्या स्वरांशिवाय. मग हार्पसिकॉर्डवाल्याला समोर बसवा, आणि त्याला कागदाकडे नव्हे, तुमच्या तोंडाकडे बघायला सांगा.